फाटकावर मांडलेला नेपाळ

बडनेऱ्याहून नांदगाव खंडेश्वरकडे जाणारा रस्ता एका ठिकाणी रेल्वेचे रूळ ओलांडतो. त्या फाटकावर किसनराव खंडारे गेटमन होते आणि त्यांच्या पत्नी इंदूबाई अमरावतीच्या दवाखान्यात आया होत्या. किसनरावांना लोक फाटकवाले म्हणत ते ठीकच, पण इंदूबाईंना आया कोणी म्हणत नसे. त्यांना सगळे नेपाळवाली म्हणत. मुंबईला जाऊन आलेले बडनेऱ्यात पुष्कळ होते. कलकत्त्याला जाऊन आलेले दोघे-तिघे होते. पण नेपाळ म्हणजे एकट्या इंदूबाई.

बाळंतपणाच्या वॉर्डात एखादी पहिलटकरीण कळांनी घाबरली की नर्सबाई म्हणत, ‘इंदूबाई, हिला जरा नेपाळ सांगा.’ मग तिच्या कमरेला तेल चोळता चोळता इंदूबाई लुंबिनी सांगत. भगवान बुद्ध जन्मले ती बाग, अशोक राजाने उभा केलेला दगडी खांब, खांबावरची अक्षरं, शेजारचं चौकोनी तळं, तळ्यात उतरणाऱ्या पायऱ्या. खांब केवढा, तर दवाखान्याच्या पाण्याच्या टाकीएवढा. पाणी कसं, तर तळाचा दगड मोजून घ्यावा असं. त्या सांगण्यात एक लय होती. कळा आणि पायऱ्या बरोबर चालत. आमच्या भागातली कितीतरी मुलं लुंबिनीच्या त्या खांबाशीच जन्मली असं म्हटलं तरी चालेल.

माझी शाळा फाटकापलीकडच्या गावात होती. जाताना आणि येताना फाटक मला हमखास बंद सापडे. एकदा सकाळी इंदूबाई रात्रपाळी करून दवाखान्यातून परतल्या होत्या, मी शाळेला निघाले होते, आणि समोरून एक न संपणारी मालगाडी चालली होती. मला वर्गातल्या मुलींना अशोकाचा धडा शिकवायचा होता, म्हणून खांबावरची अक्षरं कशी दिसतात ते मी त्यांना विचारलं. त्यांनी आधी केबिनकडे पाहिलं. किसनराव झेंडी धरून गाडीकडे तोंड करून उभे होते. मग गाडीच्या खडखडाटाचा आडोसा करून त्या मला म्हणाल्या,

‘मास्तरीनबाई, तुमाले खोटं नाई सांगत. मी नेपाळात गेली, पन गठोड्यापाशी बसली होती.’

झालं होतं ते असं. नागपूरला दीक्षा घेऊन वर्ष उलटलं होतं. सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात अकोल्याहून काही मंडळी लुंबिनीला निघाली. त्यांच्या पुढारी सुंदराबाई, म्हणजे किसनरावांच्या थोरल्या बहीण. किसनरावांना रजा मिळाली नाही, म्हणून इंदूबाई नणंदेबरोबर गेल्या. नौतनव्याला रेल्वे संपली, हद्द ओलांडली, पुढे भाताच्या एका ट्रकात सगळ्यांना जागा मिळाली. ट्रक एका ओढ्यापाशी थांबला. ड्रायव्हर म्हणाला की पुढचं तुम्ही पायी जा, मी पलीकडच्या गावातून माल भरून येतो. गाठोडी आंब्याच्या झाडाखाली उतरवली गेली. सामानापाशी कोणी बसायचं हा प्रश्न कोणाला पडलाच नाही, कारण इंदूबाई सगळ्यांत धाकट्या आणि त्यातून भावजय. सुंदराबाई म्हणाल्या, तू बस जरा, आम्ही आलो की तू जा.

इंदूबाई बसल्या. शेळ्या चारणारी एक बाई येऊन त्यांच्याजवळ बसली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी दोघींनी सासूबद्दल सविस्तर बोलून घेतलं. बाईने पोहे दिले. एका शेळीने सुंदराबाईंच्या लुगड्याचा पदर गाठोड्यातून ओढून निम्मा खाल्ला, तो दोघींनी मिळून सोडवला. मंडळी परत आली आणि पाठोपाठ ट्रकही आला. परतीच्या वाटेवर नदी होती, पूल नव्हता आणि ड्रायव्हरला ती उजेडात ओलांडायची होती. सगळे चढले. इंदूबाईही चढल्या.

परतीच्या गाडीत बायकांना दुसरा विषय नव्हता. एक खांब सांगे, दुसरी तळं सांगे, तिसरी पहिलीची चूक काढे. भुसावळ येईपर्यंत इंदूबाईंना लुंबिनी त्या सगळ्यांपेक्षा नीट समजली होती, कारण त्या एकट्याच ऐकत होत्या. बडनेऱ्याच्या फलाटावर वस्ती हार घेऊन उभी होती. चौकात त्यांना बोलायला उभं केलं, आणि त्या बोलल्या.

‘मी कुठं म्हनलं का मी पाह्यलं?’ त्या मला म्हणाल्या. ‘मी म्हनलं असा असा खांब हाये. हाये तर खरा.’

नवऱ्यालाही हे ठाऊक नव्हतं. सांगायचं ठरवेपर्यंत किसनरावांनी फाटकावर थांबलेल्या प्रत्येकाला नेपाळ सांगून टाकला होता, आणि नवऱ्याचा शब्द मागे घेणं हे भाताच्या ट्रकाला थांबवण्याहून कठीण. ‘पन मले एकडाव पाहाचं हाये,’ त्या म्हणाल्या. तेवढ्यात गार्डाचा डबा गेला आणि आवाज संपला, म्हणून बोलणंही संपलं.

त्रेसष्ट सालच्या पावसाळ्यानंतर योग आला. किसनरावांना रेल्वेचा सहकुटुंब पास मिळणार होता, नौतनव्यापर्यंत. दवाखान्याने इंदूबाईंना जानेवारीत तीन आठवड्यांची रजा दिली. इंदूबाईंनी फक्त ‘नेपाळात जाऊ’ असं म्हटलं आणि किसनरावांनी, आजवर फक्त सांगितलेला देश आता पाहायला मिळणार म्हणून, त्याच दिवशी मार्ग आखायला घेतला.

मार्ग आखायचा म्हणजे किसनरावांनी तो केबिनशेजारच्या मोकळ्या जागेत जमिनीवर मांडला. रुळांमधली गिट्टी आणून एकेक दगड म्हणजे एकेक स्टेशन. बडनेऱ्याच्या दगडाला चुना लावला. नेपाळ म्हणून तारेच्या खांबावरून फुटून पडलेली चिनीमातीची पांढरी वाटी ठेवली. ती पालथी घातली की हिमालयासारखी दिसते असं त्यांचं म्हणणं होतं. हिमालय त्यांनी पाहिला नव्हता, पण आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता.

पहिला पेच गाडीचा. मी शाळेतला भारताचा नकाशा नेऊन दाखवला. भुसावळ, इटारसी, जबलपूर, अलाहाबाद, बनारस आणि वर गोरखपूर, अशी जवळची वाट होती. किसनरावांनी नकाशा नीट पाहिला आणि आदराने गुंडाळून परत दिला.

‘रस्ता जवळचा असन, मास्तरीनबाई,’ ते म्हणाले, ‘पन त्या गाड्या आपल्या वळखीच्या नाईत.’

त्यांचा नियम साधा होता. ज्या गाडीला आपण स्वतः हिरवी झेंडी दाखवली आहे, त्या गाडीत बसायचं. इटारसीवरून पुढे धावणाऱ्या गाड्यांना कोणी झेंडी दाखवली, कशी दाखवली, नीट डोळे उघडे ठेवून दाखवली की विडी ओढत, हे त्यांना माहीत नव्हतं. कलकत्ता मेलला मात्र त्यांनी वर्षानुवर्षं झेंडी दाखवली होती. म्हणून कलकत्ता मेलने थेट कलकत्त्याला जायचं आणि तिथून उलटं गोरखपूरकडे यायचं असं त्यांनी ठरवलं. कलकत्त्यापुढच्या गाडीचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, तिथवर गेल्यावर आपण पाहुणे; पाहुण्याने यजमानाची गाडी तपासू नये.

दुसरा पेच फाटकाचा. इतर लोक प्रवास घरात बसून आखतात. किसनराव रस्त्यावर आखत होते, आणि त्या रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस दिवसातून एकदा तरी त्यांच्यासमोर थांबायला भागच होता. बैलगाड्या थांबत, सायकली थांबत, नांदगावची एसटी थांबे. थांबलेल्या माणसाला काम नसतं आणि समोर दगड मांडलेले असतात. मग तो विचारतो. मग सल्ला देतो. एसटीचे ड्रायव्हर नत्थुजी गाडीतून न उतरता, खिडकीतून डोकं काढून दगड हलवायला सांगत. डावीकडे, अजून डावीकडे, असं ते एखाद्याची बस मागे घेतल्यासारखं बोलत.

सर्वांत खात्रीचे सल्लागार खुशालराव. पलीकडच्या गावात त्यांची चांगली काळी जमीन होती. हंगामात कापसाची गाडी घेऊन ते रोज जिनिंगला जात. अकोल्यापलीकडे ते कधी गेले नव्हते, त्यामुळे त्यांच्या सांगण्यात कसलाच अडथळा येत नसे. आधी ते आपल्या गाडीच्या धुरेवर बसूनच बोलत. किसनरावांच्या केबिनपुढे बाक होता, पण त्या बाकावर बसायची खुशालरावांच्या घराण्याची रीत नव्हती. एक दिवस कलकत्त्यापुढे त्यांनीच बसवायला लावलेली गया धुरेवरून त्यांना नीट दिसेना. ते उतरले, जवळ आले, वाकले, कंबर धरली आणि बाकावर बसले. किसनरावांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. खुशालराव गयेकडे पाहत पाणी प्याले. त्यानंतर ते रोज तिथेच बसत आणि घराण्याने, माझ्या माहितीप्रमाणे, काही बोलून दाखवलं नाही.

तिसरा पेच नातेवाइकांचा, आणि तोच खरा. आमच्या वऱ्हाडात एक कायदा आहे, तो कुठे छापलेला नाही. ज्या गावात आपलं माणूस आहे त्या गावावरून आपण उतरल्याशिवाय पुढे गेलो, तर ते माणूस रुसतं. ते तोंडाने काही म्हणत नाही. पुढच्या लग्नात तुमच्या पानात वाढताना वाढपी पुढे निघून जातो, आणि तुम्ही समजून घ्यायचं. रेल्वेच्या पासावर मध्ये उतरायची सोय होती, त्यामुळे ‘तिकिटाचा खोळंबा होतो’ ही सबबही नव्हती.

नागपूरला शेजारच्या जाईबाईंची लेक होती. जाईबाईही आता बरोबर येणार होत्या, म्हणून नागपूरला मुक्काम आला. गोंदियाला किसनरावांचे मामा होते. त्यांच्याकडे गेलं आणि मावशीकडे भुसावळला गेलं नाही, तर मावशी काय म्हणेल, म्हणून भुसावळ आलं. भुसावळ कलकत्त्याच्या नेमकं उलट्या दिशेला आहे हे मी सांगितलं, तेव्हा खुशालराव म्हणाले, ‘मावशीले दिशा समजत नाई, बाई. रुसवा समजते.’ भुसावळला जायचं तर वाटेत अकोलं, अकोल्याला सुंदराबाई. मग सुंदराबाईंना घेऊन परत बडनेऱ्यावरून नागपूरकडे. त्यामुळे दगडांची रांग आधी पश्चिमेकडे जाऊन एरंडाच्या झुडपाला वळसा घाली आणि चुना लावलेल्या बडनेऱ्यावरून पुन्हा पूर्वेला निघे. म्हणजे निघाल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवशी मंडळी स्वतःच्या घरासमोरून जाणार होती. त्या दिवशी घरी उतरायचं की नाही यावर दोन संध्याकाळी चर्चा झाली. न उतरल्यास घरी राहणारी किसनरावांची म्हातारी आई रुसेल, असं शेवटी ठरलं आणि बडनेऱ्याला एक मुक्काम दिला.

दगड वाढत गेले तशी नेपाळची वाटी लांब सरकत गेली. आधी ती केबिनच्या पायरीशी होती. मग कोंबड्यांच्या खुराड्यापाशी गेली. मग तारेच्या कुंपणापलीकडे कोणाच्या तरी तुरीत गेली. एकदा खुशालरावांचा बैल नागपूर ते गोंदिया या टप्प्यावर बसला आणि मालगाडी जाईपर्यंत उठला नाही. त्या दिवशीचं काम तिथेच थांबलं. इंदूबाई दवाखान्यातून येत, फाटकाशी उभ्या राहत आणि दगडांकडे न पाहता थेट तुरीकडे पाहत. मला त्यांचा चेहरा दिसे. वाटी अजून आहे ना, एवढंच त्या पाहत.

डिसेंबरात सुंदराबाई अकोल्याहून पॅसेंजरने आल्या. भारदस्त बाई. त्या गाडीतून उतरल्या की गाडी हलकी होऊन लवकर सुटते असं किसनरावच सांगत. ‘जयभीम’ झाला, पाणी झालं, आणि त्या बाकावर बसल्या. खुशालराव सरकून बाकाच्या टोकाला गेले. सुंदराबाईंनी दगडांची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि हिशेब एका दमात लावला. एवढ्या मुक्कामांत इंदूची रजा सारनाथलाच संपते. पुढे जायला दिवस नाहीत. तर नेपाळ काढून टाकावं.

सुंदराबाईंनी समजूत घातली. गया होते आहे, सारनाथ होतं आहे. मामा होतो, मावशी होते, कोणी रुसत नाही. राहिलं काय, तर नेपाळ. ‘नेपाळ मी पाह्यलं, इंदूनं पाह्यलं. किसन्यानं नाई पाह्यलं, तर त्याले इंदू सांगन.’

किसनरावांनी थोडा विचार केला. ‘खरं हाये,’ ते म्हणाले. ‘मले तर पाठच हाये.’ आणि ते कुंपणाच्या तारा वाकवून तुरीत गेले, वाटी उचलून आणली आणि केबिनच्या खिडकीत ठेवली.

इंदूबाई तेव्हा नुकत्याच आल्या होत्या. फाटक बंद होतं. अलीकडे खुशालरावांची गाडी, त्यामागे दोन सायकली. पलीकडे नत्थुजींची एसटी, खिडक्यांत माणसं, आणि एसटीच्या पुढे मी. इतकी वर्षं इंदूबाईंनी लोकांना जे सांगितलं त्यानेच आता त्यांची वाट अडवली होती. लुंबिनी पाहिली म्हणून मान होता, आणि पाहिली म्हणूनच ती आता पाहायला मिळणार नव्हती. पाहायची असेल तर पाहिली नाही असं म्हणायला हवं, आणि तेही इतक्या माणसांदेखत, नवऱ्याच्या फाटकावर.

‘मी नाई पाह्यलं,’ इंदूबाई म्हणाल्या.

‘काय नाई पाह्यलं वं?’ किसनराव म्हणाले.

‘लुंबिनी. मी गठोड्यापाशी होती.’

नेमकी त्याच वेळी गाडी आली. किसनरावांना झेंडी घेऊन उभं राहणं भाग होतं. मालगाडी होती, कोळशाची, आणि तिला कसलीही घाई नव्हती. एका अंगाला खुशालराव, सुंदराबाई आणि इंदूबाई, दुसऱ्या अंगाला मी आणि अख्खी एसटी, आणि मध्ये डब्यामागून डबा. डब्यांच्या फटींतून मला त्या तिघांचे चेहरे तुकड्यातुकड्याने दिसत. सुंदराबाईंचे ओठ हलत होते, जणू त्या जुने दिवस बोटावर मोजत होत्या. किसनरावांची झेंडी सरळ होती. बाकी त्यांचं काही सरळ नव्हतं.

गाडी गेली. फाटक उघडायला हवं होतं, पण किसनरावांनी उघडलं नाही. नत्थुजींनी भोंगा वाजवला नाही.

‘सारं नांदगाव मी उभं केलं इथं,’ किसनराव हळूच म्हणाले. ‘साऱ्यायले सांगून राहिलो, माया बायकोनं पाह्यलं म्हनून.’

‘तुमी सांगतलं ते खोटं नाई जी,’ इंदूबाई म्हणाल्या. ‘खांब हाये. तळं हाये. फक्त मी नाई पाह्यलं.’

‘मंग तो टाकीएवढा?’ नत्थुजींनी खिडकीतून विचारलं. त्यांच्या दोन्ही मुलांच्या वेळी त्यांच्या बायकोने टाकीएवढा खांब ऐकला होता.

‘टाकीएवढा कोन म्हनलं?’ सुंदराबाई म्हणाल्या.

‘तुमीच म्हनलं, आक्का, गाडीत. इटारसीले.’

सुंदराबाईंना आठवलं असावं, कारण त्यांनी पदर सारखा केला. मग त्या भावजयीकडे वळल्या. ‘मी तुले म्हनलं होतं ना, आमी आलो का तू जाय?’

‘हो. तुमी आल्या अन् ट्रकबी आला.’

‘मंग तवाच काहून नाई बोलली वं?’

‘तुमी साऱ्या इतक्या खुशीत होत्या,’ इंदूबाई म्हणाल्या.

अकोल्यात कोणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही, पण सुंदराबाई मालगाडीएवढा वेळ गप्प बसल्या. मग बाकावरून उठल्या, वाकल्या आणि भुसावळचा दगड उचलून एरंडात फेकला. ‘भुसावळले मी सांगतो,’ त्या म्हणाल्या. ‘मावशी रुसन त मायावर रुसन.’ पाठोपाठ गोंदियाचा मामा गेला. जाईबाईंच्या लेकीचा मुक्काम काढताना त्यांनी तेवढ्यात येऊन उभ्या राहिलेल्या जाईबाईंकडे नुसतं पाहिलं, आणि जाईबाई म्हणाल्या की मी यायची राहते, लेकीकडे संक्रांतीला जाऊन येईन, त्यात काय. आमच्याकडे रुसवा कोणी तरी अंगावर घेतल्याशिवाय फिटत नाही. सुंदराबाईंनी त्या दिवशी चार-पाच गावांचा रुसवा एकटीने घेतला. त्यांना तो पेलवेल एवढी त्यांची तब्येत होती.

खुशालरावांनी गया काढली. काढताना त्यांना जरा वाईट वाटलं, कारण ती त्यांनीच बसवली होती. शेवटी कलकत्त्याचा दगड राहिला. तो कोणीच उचलेना. सगळे किसनरावांकडे पाहू लागले. किसनराव माझ्याजवळ आले, फाटकाच्या दांड्यावरून हात लांब केला आणि म्हणाले, ‘मास्तरीनबाई, तो तुमचा नकाशा आना उद्या.’

मग त्यांनी फाटक उघडलं. एसटी जाताना नत्थुजींनी विचारलं, की मग आता लोकांना खांब केवढा सांगायचा. इंदूबाई म्हणाल्या, आल्यावर सांगते.

जानेवारीत तिघं निघाली. पासावर किसनराव आणि इंदूबाई, तिकीट काढून सुंदराबाई. सुंदराबाईंनी येण्याचं कारण आधीच जाहीर केलं होतं: या खेपेला गाठोड्यांपाशी मी बसणार. त्यासाठी राखायला काही तरी हवं म्हणून त्यांनी नेहमीपेक्षा दोन गाठोडी जास्त घेतली.

अनोळखी गाडीत किसनरावांचा प्रवास कसा झाला ते सुंदराबाईंनीच परत आल्यावर सांगितलं. इटारसीपासून पुढे ते दिवसा झोपलेच नाहीत. प्रत्येक फाटक आलं की खिडकीतून डोकं बाहेर काढून गेटमनकडे पाहायचे. झेंडी सरळ असली तर मान हलवायचे. एका ठिकाणी झेंडी मळकी होती, तिथे ते पुढच्या स्टेशनापर्यंत अस्वस्थ होते. अलाहाबाद येईपर्यंत त्यांचं मत झालं की देशातले गेटमन एकंदरीत बरे आहेत. बनारसपुढची लहान रुळांची गाडी पाहून मात्र त्यांनी इंदूबाईंना विचारलं, की ही अशीच असते का अर्धी.

इंदूबाई परतल्या तेव्हा वॉर्डात, वस्तीत आणि फाटकावर सगळे वाट पाहत होते. आणि सगळ्यांची थोडी निराशा झाली. इंदूबाई आता सांगेनात. म्हणजे विचारलं की सांगत, पण लहान सांगत. खांब आहे, टाकीएवढा नाही, वरून तुटलेला आहे. तळं आहे, पाणी हिरवं आहे. एवढ्यात एकीचंही बाळंतपण पुरं होईना. नर्सबाईंनी मला स्वतः सांगितलं, की आधीचं नेपाळ बायकांना जास्त लागू पडत होतं. नत्थुजी तर उघड म्हणाले की इंदूबाईंनी पाहायला नको होतं. त्यांचं तिसरं मूल व्हायचं होतं. शेवटी तोडगा असा निघाला की वॉर्डात टाकीएवढा खांब सांगायचं काम अमरावतीला दुसऱ्या एका आयाने चालू ठेवलं, आणि अकोल्याच्या दवाखान्यात आया असलेल्या सुंदराबाईंच्या मोठ्या सुनेने, जी कुठेच गेली नव्हती, ते नव्याने सुरू केलं.

एका संध्याकाळी फाटक बंद होतं आणि आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, ‘मग कसं काय झालं तिथे?’

इंदूबाई हसल्या. ओढा ओलांडला तिथून पुढचं त्यांना काहीच माहीत नव्हतं, त्या म्हणाल्या. आंब्याच्या झाडापर्यंतची वाट त्यांची होती, पुढची सगळी दुसऱ्यांची ऐकलेली. त्या चालत होत्या आणि किसनराव पुढे पुढे धावत सांगत होते, कारण त्यांना सगळं पाठ होतं. हे बघ तळं, तू म्हणायची तसंच. ही बघ पायरी. अक्षरं पलीकडच्या अंगाला असतील, तूच सांगितलं होतं. इकडे ये, तिकडून बघ. मागून ओढ्यापलीकडून सुंदराबाई ओरडून विचारत होत्या, दिसला का गं खांब. तिथे असलेले एक भिक्खू थांबून पाहत होते, की हा मनुष्य कोण, आणि हा पहिल्यांदाच आला असूनही बाईला वाट कशी दाखवतो आहे.

‘मंग मी थांबली,’ इंदूबाई म्हणाल्या. ‘त्यायले म्हनलं, अजी, गप बसा जरा. पाहू द्या मले.’

‘मग?’

‘मंग ते गप बसले. अन् मी पाह्यलं.’